उणे १७ अंशांत सायकलची सफर

थंडी पडली, की आपल्याकडे सायकल जिन्याखाली जाते आणि गोधडी बाहेर येते. उत्तर फिनलंडमधल्या एका गावात मात्र ऐन बर्फातही शाळकरी मुले, नोकरदार आणि आजी-आजोबा सायकलवरूनच बाहेर पडतात. त्यांना थंडी वाजत नाही काय?

सकाळचे आठ वाजत आले आहेत, पण बाहेर अजून मिट्ट काळोख आहे. तापमापकातला पारा शून्याखाली १७ अंशांवर. झाडे, छपरे, कुंपणे सारे पांढरेशुभ्र. आणि त्या पांढऱ्या अंधारातून इवल्या इवल्या दिव्यांची एक रांग शाळेच्या दिशेने सरकत असते. जवळ आल्यावर दिसते, की हे सायकलींचे दिवे आहेत. कानटोप्या, जाड जाकिटे आणि हातमोजे घातलेली मुले पायडल मारत येतात, सायकल स्टँडला लावतात, बुटांवरचा बर्फ झटकतात आणि वर्गात पळतात. कुणी पोहोचवायला आलेले नाही.

हे गाव म्हणजे फिनलंडमधील औलू. तिथल्या मेत्सोकांगास शाळेच्या आवारात बर्फात उभ्या असलेल्या शेकडो सायकलींचे छायाचित्र २०१८ मध्ये जगभर गाजले. उणे १७ अंशांत त्या दिवशी १२०० पैकी सुमारे १००० मुले सायकलवर आली होती.

आपल्याकडची आई हे छायाचित्र पाहून काय म्हणेल, ते सांगायला नको. पारा १२ अंशांवर उतरला, तरी ''आज राहू दे सायकल, छातीत कफ होईल'' असे म्हणून ती मुलाला रिक्षात बसवते. मग औलूच्या आया निष्काळजी आहेत का? तसे मुळीच नाही. त्यांच्या निर्धास्तपणामागची कारणे पाहू लागलो, की ती मुलांच्या अंगातल्या जाकिटात कमी आणि त्यांच्या चाकाखालच्या रस्त्यात जास्त सापडतात.

आधी वाट मोकळी, मग गाड्या

औलू हे बोथनियाच्या आखाताच्या काठी वसलेले, दोन लाखांवर वस्तीचे शहर. आर्क्टिक वृत्त तिथून उत्तरेला जेमतेम १७० किलोमीटरवर. डिसेंबरच्या अखेरीस तिथे सूर्य साडेतीन तासांच्या आसपास दिसतो, तोही क्षितिजाला चिकटून. बर्फ साधारण नोव्हेंबरात पडू लागतो आणि एप्रिलपर्यंत हटत नाही. म्हणजे 'हिवाळ्यात सायकल बंद' असे ठरवले, तर निम्मे वर्ष सायकल बंद.

या शहराने गेली पन्नासेक वर्षे चिकाटीने एकच गोष्ट केली. मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या, पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वाटा बांधत नेल्या. आज अशा वाटांचे जाळे सुमारे ९०० किलोमीटरचे आहे. मोठा रस्ता आडवा आला, की वाट त्याच्या खालून जाते. असे भुयारी मार्ग तिथे ३०० हून अधिक आहेत. सात वर्षांच्या मुलीला घरापासून शाळेपर्यंत जाताना एकही वाहता रस्ता ओलांडावा लागू नये, ही त्यामागची दृष्टी. आईचा जीव थंडीने नव्हे, ट्रकने घाबरतो. आपल्याकडेही खरे तर तसेच असते, फक्त आपण नाव थंडीचे घेतो.

रात्री बर्फ पडला, की पहाटेच बर्फ ढकलणारी यंत्रे बाहेर पडतात. मुख्य सायकलवाटा लोकांच्या कामाच्या आणि शाळेच्या वेळेआधी साफ करायच्या, हा तिथला शिरस्ता. साफ करायच्या म्हणजे खालची जमीन दिसेपर्यंत खरवडायच्या, असे मात्र नाही. वरचा भुसभुशीत थर काढून खालचा बर्फ दाबून घट्ट ठेवतात आणि दातेरी पात्याने त्यावर बारीक चरे पाडतात. शेणाने सारवलेल्या अंगणावर बोटे उमटावीत, तसा तो पृष्ठभाग दिसतो. त्यावर टायरची पकड चांगली बसते.

मीठ का टाकत नाहीत, असा प्रश्न पडेल. थंड देशांत मोटारींच्या रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात खरे. पण पारा उणे १० च्या खाली गेला, की साध्या मिठाचा उपयोग फारसा उरत नाही. त्याहून कमी थंडीत मीठ टाकले, तर बर्फाचा राखाडी रबरबाट होतो. त्यात सायकलचे चाक रुतते, घसरते आणि खारट पाण्याने चेन गंजते ती वेगळीच. म्हणून सायकलवाटा पांढऱ्याच राहू द्यायच्या, हे औलूने अनुभवाने ठरवले आहे.

याचा परिणाम असा, की तिथे हिवाळ्यातसुद्धा दर १०० फेऱ्यांपैकी १० ते १२ फेऱ्या सायकलवरून होतात. उन्हाळ्यात हे प्रमाण याहून पुष्कळ जास्त असते. तेव्हा सगळेच औलूकर काही बर्फवीर नाहीत, त्यांच्यातही थंडीत बस पकडणारे आहेतच. पण २०१३ मध्ये हिवाळी सायकलिंगवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद याच गावात भरली आणि पुढे ती विनिपेग, मॉन्ट्रियल, मॉस्को अशा एकाहून एक गारठलेल्या शहरांत फिरली. हिवाळ्यात सायकल चालवायची कशी, हे या शहरांना शिकून घ्यावेसे वाटले, हे विशेष.

उणे १५ बरे, शून्य वाईट

बर्फ जितका थंड तितका निसरडा, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. पारा शून्याच्या आसपास असतो, तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि पाय ठेवताच माणूस आडवा होतो. दुपारी थोडे वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठले, तर रस्त्यावर काचेसारखा पारदर्शक थर धरतो. तो दिसतच नाही. सिमल्यात किंवा मनालीत जानेवारीत उतारावर गाड्या घसरतात, त्या बहुधा अशाच सकाळी. याउलट पारा उणे १५-२० अंशांवर गेला, की बर्फ कोरडा आणि खरखरीत होतो, चाकाखाली कुरकुर वाजतो आणि वाळूसारखी पकड देतो. म्हणूनच उत्तरेकडचे मुरलेले सायकलस्वार कडाक्याच्या थंडीचे स्वागत करतात आणि पारा वर चढू लागला, की कपाळाला आठ्या घालतात.

अशा काचेरी दिवसांसाठी त्यांच्याकडे खिळ्यांचे टायर असतात. टायरच्या रबरात टंग्स्टन कार्बाइड या अतिकठीण धातुसंयुगाच्या बारीक टाचा बसवलेल्या असतात, त्या बर्फात रुततात. असे टायर बनवण्यात फिनलंडचा हात धरणारे थोडेच. एके काळी भारतात घरोघरी ज्या नोकिया कंपनीचे फोन होते, ती कंपनी पूर्वी रबरी बूट आणि टायरही बनवत असे. टायरचा व्यवसाय १९८८ मध्ये वेगळा झाला.

टायर कोणतेही असोत, बर्फावर चालवण्याची रीत वेगळी. बैठक जरा खाली घ्यायची, म्हणजे तोल गेला तर दोन्ही पाय चटकन टेकतात. वळण रुंद घ्यायचे. वळताना ब्रेक लावायचा नाही, तो आधीच लावून वेग कमी करायचा. पुढचा ब्रेक तर शक्यतो विसरायचाच, कारण मागचे चाक घसरले तर सायकल सावरता येते, पुढचे घसरले की माणूस जमिनीवरच. आणि हात ताठ धरायचे नाहीत. पावसाळ्यात शेवाळलेल्या रस्त्यावरून सायकल चालवलेल्या कोकणातल्या माणसाला यातले बरेचसे न शिकवता येते.

घाम हाच शत्रू

थंडीत सायकलवर निघणारा नवखा माणूस पहिली चूक करतो, ती अंगावर घरातले सगळे लोकरीचे कपडे चढवण्याची. दहा मिनिटे पायडल मारले, की अंगातून घाम निथळू लागतो. सुती बनियन ओले होते, आणि एकदा का तो सिग्नलला थांबला, की तेच ओले बनियन पाठीला बर्फाच्या लादीसारखे चिकटते. थंडी बाहेरून कमी आणि आतून जास्त लागते ती अशी. म्हणून तिथला साधा नियम असा, की घरातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पहिली पाच मिनिटे कुडकुडायचे, मग शरीर स्वतःच शेगडी पेटवते.

कपडे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे घालायचे. अंगालगत सुती नको, पातळ लोकरी किंवा घाम बाहेर टाकणारे कृत्रिम धाग्याचे. लोकर दमट झाली तरी बरीचशी ऊब टिकवते, सुताला ते जमत नाही. त्यावर एक उबदार थर आणि सर्वांत वर वारा अडवणारे पातळ जाकीट. हे वरचे जाकीट फार महत्त्वाचे, कारण सायकलस्वार आपला वारा आपणच तयार करतो. पारा उणे १० अंशांवर असताना ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला थंडी जाणवते ती उणे १८ अंशांची. आपल्याकडे १० अंशांच्या सकाळी त्याच वाऱ्यात ती सात अंशांची वाटते. जुन्या काळी युरोपातले शर्यतीचे सायकलपटू डोंगर चढून गेल्यावर उतरण्याआधी छातीवर, शर्टाच्या आत, वर्तमानपत्राची घडी सारत असत. वारा अडवायला ते उत्तम. शिवाय फुकट.

शरीर गरम राहते, पण बोटे, कान आणि नाक मागे पडतात. बोटांसाठी पाच बोटी हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र राहतील असे मोजे चांगले, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. दिल्ली-चंदीगडकडे हिवाळ्यात स्कूटरच्या मुठींना रेक्झिनच्या पिशव्या बांधलेल्या दिसतात ना? बर्फाळ प्रदेशातले सायकलस्वारही हँडलला नेमक्या तशाच पिशव्या लावतात. बूट घट्ट नकोत. दोन जोड मोजे कोंबून रक्त अडले, तर पाय अधिकच गार पडतात.

बर्फाच्या प्रदेशात फिरायला गेल्यावर गाल, नाक किंवा बोट बधिर होऊन पांढरे पडले, तर ते हिमदंशाचे लक्षण समजावे. तो भाग चोळू नये आणि शेगडीसमोर धरू नये. ताबडतोब आडोशाला जाऊन कोमट पाण्याने हळूहळू ऊब द्यावी आणि बधिरपणा गेला नाही, तर डॉक्टर गाठावा.

यंत्रालाही थंडी वाजते. आपल्याकडे खोबरेल थिजते, तसे तिकडे साधे ग्रीस थिजते. फ्रीव्हीलच्या आत ओल शिरून गोठली, की पायडल नुसतेच गरगर फिरते आणि चाक जागचे हलत नाही. यावरचा उपाय घरगुती आहे. सायकल उबदार घरात ठेवायची नाही. आत आणली, की तिच्यावरचा बर्फ वितळून पाणी तारांत आणि फ्रीव्हीलमध्ये शिरते आणि बाहेर नेताच गोठते. बाहेरच छपराखाली राहिली, तर ती बिचारी तक्रार करत नाही.

सोन्यासाठी, मग नुसत्याच मजेसाठी

शाळेला किंवा कामावर जायचे म्हणून बर्फातून सायकल हाकणे एक वेळ समजते. पण निव्वळ मौज म्हणून? या मौजेचे मूळ मात्र मौजेत नाही, ते सोन्यात आहे.

१८९९ मध्ये अलास्काच्या पश्चिम टोकाला, नोम येथील समुद्राच्या वाळूत सोने सापडले. ही बातमी कॅनडातल्या डॉसन गावी पोहोचली, तिथे आधीच्या सोन्याच्या शोधात आलेले हजारो लोक बसले होते. नोम सुमारे १६०० किलोमीटर दूर. नद्या गोठलेल्या, बोटी उन्हाळ्यापर्यंत बंद. कुत्र्यांची घसरगाडी घ्यावी, तर तिचा खर्च मोठा आणि कुत्र्यांना रोज खायला हवे. सायकल काही खात नाही, असा हिशेब करून १९०० च्या हिवाळ्यात काही जण चक्क सायकलवर निघाले. एड जेसन हा त्यांतला एक. फेब्रुवारीत तो निघाला आणि गोठलेल्या युकॉन नदीवरून, घसरगाड्यांनी दाबून घट्ट केलेल्या अरुंद वाटेने, पाचेक आठवड्यांत नोमला पोहोचला. वाटेत पारा इतका उतरला, की टायर लाकडासारखे कडक झाले आणि चाकातले तेल गोठले.

मॅक्स हर्शबर्ग हा दुसरा तरुण मार्चमध्ये निघाला. त्याला उशीर भोवला. बर्फ वितळू लागला होता. एका नदीत तो पडला, जवळची सोन्याची भुकटी गमावून बसला. शेवटच्या टप्प्यात चेनच तुटली. पायडल मारणे संपले! तेव्हा या पठ्ठ्याने एक काठी घेतली, अंगातला कोट तिला शिडासारखा बांधला आणि मागून येणाऱ्या वाऱ्याच्या जोरावर गोठलेल्या समुद्रावरून सायकल पुढे नेली. १९ मे १९०० रोजी तो नोमला पोहोचला.

पुढे विमाने आली आणि हे सारे विसरले गेले. १९८७ मध्ये त्याच अलास्कात इडिटारोड या घसरगाड्यांच्या प्रसिद्ध वाटेवर सायकलींची ३०० हून अधिक किलोमीटरची शर्यत भरली. या वेळी पलीकडे सोने नव्हते. बर्फातून सायकल नेता येते का, एवढेच पाहायचे होते. पहिल्या वर्षांत उत्तर फारसे आशादायक नव्हते, कारण बारीक टायर बर्फात रुतत आणि स्वार मैलोन् मैल सायकल ढकलत चालत. मग तिथल्या खटपट्या कारागिरांनी दोन रिमा शेजारी शेजारी जोडून पाहिल्या, रुंद रिमा घडवल्या. तिकडे अमेरिकेच्या वाळवंटात वाळूवर चालणाऱ्या सायकलींसाठी दुसरे काही जण हेच करत होते. वाळू काय आणि भुसभुशीत बर्फ काय, चाकाला सारखेच. यातून जवळजवळ चार इंची टायरची 'फॅट बाईक' जन्माला आली आणि २००५ मध्ये ती कारखान्यात तयार होऊन दुकानांत मिळू लागली. शर्यतीच्या सायकलच्या टायरमध्ये दाब १०० पौंडांच्या आसपास असतो, या गुबगुबीत टायरमध्ये बर्फावर पाच ते आठ पौंड पुरतो. टायर बोटाने दाबला जातो, आणि म्हणूनच तो उंटाच्या पावलासारखा पसरून वर राहतो.

आज औलूच्या नल्लिकारी किनाऱ्यासमोरचा समुद्र गोठला, की लोक त्यावर चालायला, स्की करायला आणि या जाड टायरच्या सायकली फिरवायला जातात. खाली समुद्र, वर आकाश आणि मधे चाकाची कुरकुर. तीच जाड टायरची सायकल आपल्याकडे किनाऱ्यावरच्या वाळूत हौसेने चालवली जाते, तेव्हा ती बर्फासाठी घडली होती, याची चालवणाऱ्याला कल्पना नसते.

आपल्या दारातली थंडी

आता आपल्याकडे वळू. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला, की ती वर्तमानपत्राची मोठी बातमी होते. पुणे, नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर इथल्या जानेवारीतल्या सकाळी औलूकराला वसंत ऋतूसारख्या वाटतील. सायकलसाठी वर्षातले हेच खरे दिवस. ऊन बोचत नाही, घाम येत नाही, रस्ते कोरडे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात तर हिवाळ्यातल्या सिंहगडच्या पायथ्यापर्यंतच्या सहली कित्येक घरांच्या आठवणीत असतील.

तरीही आईची काळजी अगदीच अनाठायी नाही. फक्त ती चुकीच्या जागी लागलेली आहे. थंडीने सर्दी होत नाही, ती विषाणूंमुळे होते. मात्र मुलाला दमा असेल, तर गार कोरड्या हवेत दम लागून श्वासनलिका आवळू शकते. अशा मुलाने नाकावर रुमाल किंवा मफलर घेऊन, सावकाश सुरुवात करावी आणि डॉक्टरांनी दिलेले औषध जवळ ठेवावे. घरातल्या वडीलधाऱ्यांचे वेगळे. गारठ्यात रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. हृदयविकार असलेल्या आजोबांनी पहाटे पाचला उठून चढावर जोर लावण्याऐवजी उन्हे वर आल्यावर सपाट रस्ता धरावा.

हवेचा प्रश्न मात्र थंडीपेक्षा मोठा आहे, विशेषतः दिल्ली आणि उत्तरेकडच्या वाचकांसाठी. हिवाळ्यात गार हवा जमिनीलगत बसते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते आणि धूर, धूळ खालीच कोंडून राहते. आपण पहाटेच्या हवेला शुद्ध मानत आलो, पण अशा दिवसांत पहाटेचीच हवा बहुधा सर्वांत वाईट असते. दुपारी ऊन तापले, की झाकण उघडते. हवेचा निर्देशांक 'अतिशय खराब' असेल, त्या दिवशी सायकल घरी राहिलेलीच बरी. दीर्घ श्वास घेत व्यायाम करायचा आणि तेवढाच धूर अधिक ओढायचा, यात शहाणपण नाही.

दुसरे धुके. धुक्यात सायकलस्वाराला ट्रक दिसतो, ट्रकवाल्याला सायकलस्वार दिसत नाही. काळे जाकीट, करडी कानटोपी आणि बिनदिव्याची सायकल म्हणजे अपघाताला आमंत्रण. मफलर, शाल किंवा ओढणी यांची टोके नीट खोचलेली असावीत. ती मागच्या चाकाच्या आऱ्यांत गुंतून जिवावर बेतल्याचे प्रकार घडतात. कानटोपी डोळ्यांच्या बाजूला उतरणार नाही आणि मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू येईल, हेही पाहावे.

दिव्याचे तर विचारूच नका. औलूत वर्षातून कित्येक आठवडे शाळेत जातानाही अंधार आणि येतानाही अंधार, त्यामुळे पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा नसलेली सायकल तिथे कुणी बाहेर काढत नाही. आपल्याकडे महागड्या गियरच्या सायकलीही बिनदिव्याच्या धावतात. घरातल्या आजोबांना विचारून पाहा. त्यांच्या तरुणपणी मागच्या चाकाला घासून घूंऽऽ करणारा डायनॅमो असे, त्याआधी रॉकेलचा कंदील असे, आणि दिवा नसलेला स्वार चौकात सापडला, की पोलीस दोन्ही चाकांतली हवा सोडून त्याला थंडीत घरापर्यंत चालत पाठवत.